दोषनिरपेक्ष मोटार अपघात भरपाई : शिवथर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाड तालुक्यातील शिवथर खोरे शिवथरघळीमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. बिरवाडीमार्गे जाणारा वळणांचा रस्ता, मुंबई-गोवा महामार्ग आणि पोलादपूरहून चढणारा आंबेनळी घाट यांवरून येथील माणसांची ये-जा चालते. अपघात घडला की 'चूक कोणाची?' हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. मोटार वाहन कायद्याने काही मर्यादेपर्यंत हा प्रश्न बाजूला ठेवला आहे. व्यवहारात 'नो-फॉल्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तरतुदीची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

तत्त्वाचा विकास

चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज भरपाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात ठरविले होते. त्यानंतर 1982 च्या दुरुस्तीने कलम 92-अ आले आणि मृत्यूसाठी 15,000 रुपयांची दोषनिरपेक्ष भरपाई मान्य झाली. 1987 मध्ये सातारा जिल्ह्यात उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला व जमलेली माणसे भाजली. हा अपघातही वाहनाच्या वापरातूनच उद्भवला, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिला. पुढे 1988 च्या कायद्यातील कलम 140 अन्वये ही रक्कम 25,000 व 1994 पासून 50,000 रुपये झाली. 2019 च्या दुरुस्तीनंतर, 1 एप्रिल 2022 पासून, कलम 164 अन्वये मृत्यूसाठी 5 लाख व गंभीर दुखापतीसाठी 2.5 लाख रुपये देय आहेत.

या तत्त्वाची गरज महाडने जवळून पाहिली आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एस.टी. बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पूलच नाहीसा झाला असता चालकाचा दोष तो कोणता? अशा प्रसंगी दोष सिद्ध करण्याची अट म्हणजे वारसांना दार बंद करणेच होय.

तरतुदीची मर्यादा

तथापि, दोषनिरपेक्ष म्हणजे विनाअट नव्हे. अमेरिकेतील मिशिगनसारख्या राज्यात जखमीचा खर्च सामान्यतः त्याच्या स्वतःच्या विम्यातून भागतो. भारतात कलम 164 चे दायित्व वाहनमालक व त्याच्या विमा कंपनीवर असते. त्यामुळे पावसाळ्यात स्वतःची दुचाकी घसरून मृत्यू पावलेल्या मालकाच्या वारसांना या कलमाचा आधार मिळत नाही. त्यांना आधार उरतो तो वैयक्तिक अपघात विम्याचा. 2018 पासून मालक-चालकासाठी त्याची किमान रक्कम 15 लाख रुपये आहे. परंतु विमाच उतरवला नसेल तर तोही नाही. मागून घेतलेल्या दुचाकीच्या बाबतीतही, उसनवार घेणारा मालकाच्याच जागी येतो, असे पूर्वीच्या कलम 163-अ च्या संदर्भात न्यायालयाने 2009 व 2020 मध्ये म्हटले आहे.

अधिक गंभीर मुद्दा निवडीचा आहे. कलम 140 ची रक्कम तात्काळ मिळे, मूळ दावा चालू राहत असे आणि अंतिम भरपाईतून ती वजा होई. आता कलम 149 च्या प्रक्रियेनुसार कलम 164 ची भरपाई स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. मुंबईत दरमहा 20,000 रुपये मिळविणाऱ्या शिवथरच्या 28 वर्षांच्या तरुणाचे उदाहरण घेऊ. त्याच्यामागे पत्नी, मूल व आई आहेत. न्यायालयांनी रूढ केलेल्या पद्धतीने भविष्यातील वाढ 40 टक्के धरून, स्वखर्च एकतृतीयांश वजा करून व 17 ने गुणून अवलंबितांचे नुकसान 38 लाख 8 हजार रुपये येते. दोष सिद्ध झाल्यास कलम 166 खाली एवढे मागता येते; स्वाक्षरी करून 5 लाख घेतले की हा हक्क संपतो. दिवसकार्याचाही खर्च उसना घेतलेल्या घरापुढे हा पर्याय खरोखरच 'निवड' उरतो काय?

निष्कर्ष

दोषनिरपेक्ष भरपाईचे तत्त्व न्याय्य आहे; तिला अंतिम तडजोडीचे रूप देणे मात्र तिच्या मूळ हेतूशी विसंगत आहे. कलम 164-अ मध्ये अंतरिम साहाय्याच्या योजनेची तरतूद आहे. त्या वाटेने कलम 140 चा गाभा पुनःस्थापित होणे इष्ट ठरेल. दावेदारास आपल्या निवासस्थानाच्या क्षेत्रातील न्यायाधिकरणातही दावा दाखल करता येतो, ही बाबही ग्रामीण कुटुंबांपर्यंत पोहोचावयास हवी. विधी सेवा प्राधिकरण व महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजना विभाग यांनी स्वाक्षरीपूर्वी हा फरक समजावून देण्याचे कार्य हाती घेतल्यास कायद्याचा हेतू काही अंशी सफल होईल.