तेरीज जुळते, चूक राहते : हिशेबशास्त्राच्या अभ्यासपद्धतीविषयी

हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपयश आले की त्याने मेहनत केली नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो पुष्कळदा अन्यायाचा असतो. मेहनत झालेली असते. ती भलत्या ठिकाणी खर्च होते. विद्यार्थी सोडविलेली उदाहरणे पुनःपुन्हा वाचतो, एकेक नोंद पटत जाते, आणि पटणे म्हणजेच येणे असे तो समजतो.

पाठ्यपुस्तकांची रचना या समजाला पोषकच ठरते. घसाऱ्याच्या प्रकरणाखाली सारी उदाहरणे घसाऱ्याची, भागीदारीच्या प्रकरणाखाली भागीदारीची. कोणती रीत लावावी, हा खरा प्रश्न मथळ्यानेच सोडविलेला असतो. रोरर व टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला घनफळाच्या उदाहरणांवरील प्रयोग येथे उद्बोधक आहे. प्रकारवार सराव करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सरावातील उत्तरे शेकडा ८९ बरोबर आली, मिश्र सराव करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र हेच प्रमाण अनुक्रमे २० व ६३ झाले. गणितातील निष्कर्ष हिशेबशास्त्राला जसाच्या तसा लावता येणार नाही हे खरे; तथापि रीत निवडण्याची अडचण दोहोंकडे सारखीच आहे.

एक उदाहरण पुरेसे आहे. यंत्राच्या नेहमीच्या दुरुस्तीचा खर्च यंत्र खाती नावे लिहिला, तरी तेरीज जुळते; पण त्या वर्षीचा नफा फुगतो आणि ताळेबंदात यंत्राची किंमत वाढते. ‘येते ते नावे, जाते ते जमा’ हा पाठ केलेला नियम येथे उपयोगी पडत नाही; खर्च भांडवली की महसुली, हे ठरवावेच लागते. पुस्तकातील उत्तराशी आपले उत्तर जुळणे ही अशीच एक तेरीज होय. तिने बेरीज सिद्ध होते, समज नव्हे.

म्हणून उत्तर झाकून कोऱ्या कागदावर उदाहरण सोडविणे, निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे मिसळणे, आणि झालेली चूक विस्मरणाची की तत्त्वाची हे वहीत नोंदविणे, हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. डन्लॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ साली दहा अभ्यासरीतींचा परामर्श घेतला, तेव्हा स्वतःची चाचणी व अंतराअंतराने केलेला सराव यांनाच वरचे स्थान मिळाले. पुनर्वाचन व अधोरेखन खालच्या श्रेणीत गेले.

या मार्गात आरंभी चुका अधिक होतात आणि विद्यार्थी खचण्याचा संभव असतो. त्या चुका आळसाच्या खाती न लिहिता शिक्षणाच्या खाती लिहिणे, हे अध्यापकाचे काम आहे.