सोन्याच्या कुऱ्हाडीचा दांडा

वऱ्हाडातल्या शेतकऱ्यावर मराठीत जे कथा-कादंबरीवाङ्मय झाले, त्यात खलपुरुष बहुधा दोनच आढळतात. एक आभाळ आणि दुसरा सावकार. आभाळ वेळेवर येत नाही आणि सावकार वेळेच्या आधी येतो. मधल्या मध्ये कापूस, घर आणि माणूस यांची वाताहत होते. हे चित्र खोटे आहे, असे अमरावती-अकोल्याकडच्या गावात चार पावसाळे काढलेला कोणीही म्हणणार नाही. परंतु ते अर्धे आहे. आणि अर्धे चित्र पुनःपुन्हा काढीत राहिले की वाचकाला तेच पूर्ण वाटू लागते, अशी माझी तक्रार आहे.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) घ्या. वऱ्हाडी बोलीला तिच्या अंगच्या तेजानिशी उभी करणारी ही कादंबरी. कौतिकसारखी बाई मराठीत दुसरी नाही. पण कौतिकच्या दारिद्र्याचा माग काढीत गेले की आपण फार तर तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचतो. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) त्याहून पुढे जाते. शिकून घरी बसलेल्या एकनाथाला धोरणांचा जाच कळतो. तरीही कापसाचा भाव जिथे बांधला जातो ती जागा तिथेही दूरच राहते. भाव बांधणारा माणूस पात्र होऊन दारात उभा राहत नाही. ही दोन्ही पुस्तके मी घरच्या माणसांसारखी मानतो, म्हणूनच त्यांच्याशी हे भांडण.

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपल्या घरोघर आहे. हे सोने आले कुठून असे विचारले की जाणती मंडळी सांगतात, अमेरिकेतल्या लढाईने आणले. गोष्ट ऐकायला झकास आहे. १८६१ मध्ये तिकडे उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. आणि कापूस अडवला की इंग्लंड आपोआप आपल्या बाजूने येईल, या भ्रमात दक्षिणेच्या मळेवाल्यांनीही आरंभी माल रोखून धरला. लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. लिव्हरपूलला १८६० साली पौंडाला सहा-सात पेन्सने मिळणारी रुई १८६४ पर्यंत सत्तावीस पेन्सवर गेली. मुंबईत चांदीचा पाऊस पडला. १८६५ साली लढाई संपली, भाव कोसळले आणि त्यांच्याबरोबर मुंबईच्या कंपन्या आणि प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यही कोसळले. मुंबईला त्यातून राजाबाई टॉवर तरी मिळाला!

आता जरा पंचांग उघडून पाहू. लढाई संपली १८६५ मध्ये. मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला पोचली १८६७ मध्ये. जलंबहून खामगावला जाणारा फाटा व्हाईसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला १८७० साली, आणि बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा त्याच्या पुढल्या वर्षी. म्हणजे भाव आभाळाला टेकला होता तेव्हा आपल्या मुलखातला कापूस बंड्यांतून आणि लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून वाट तुडवीत होता. आणि समुद्राची वाट घरापाशी आली तोवर भाव उतरून गेला होता. लढाईच जर सोने आणणारी होती, तर लढाई विझल्यावर हे रूळ कोणी व कशासाठी घातले?

उत्तर लढाईच्या आधीचे आहे. १८५३ च्या तहाने, कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या कर्जासाठी, निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. त्याच्याबरोबर रायचूरचा दोआब आणि धाराशिवकडचा मुलूखही गेला होता. १८६० साली दुसरा तह झाला. सत्तावन्नच्या धामधुमीत निजाम इंग्रजांना धरून राहिला होता, त्याचे बक्षीस म्हणून रायचूर आणि धाराशिव परत मिळाले. पन्नास लाखांचे कर्जही सोडले. कर्ज सुटले, पण वऱ्हाड सुटला नाही! काळी कापसाची जमीन तेवढी मुठीत राहिली. पुढे १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाखांवर तिचा कायमचा पट्टाच झाला. तारण ठेवलेला दागिना कर्ज फिटल्यावरही सावकाराने परत करू नये, तशातला हा प्रकार. आपल्या कथांतला सावकार गावचा असतो, पण हा सावकार कोणत्या कथेत आला आहे?

रुळांसाठी पैसा इंग्लंडातून आला, याचे आपल्याला फार कौतिक वाटते. परदेशी भांडवल म्हणजे कोणी धाडसी मंडळींनी जोखीम पत्करून समुद्रापार पाठवलेली रक्कम, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीशी १८४९ मध्ये झालेल्या करारात पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. गाडी चालो की न चालो, नफा होवो की न होवो, लंडनच्या भागधारकाला पाच टक्के मिळायचे. तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. आणि तिजोरीत शेतसारा कोण भरीत होता? जोखीम नाहीशी झालीच नव्हती. ती एका कलमाने लंडनच्या माणसाच्या खांद्यावरून काढून बोरगावच्या आणि दर्यापूरच्या माणसाच्या खांद्यावर ठेवली होती.

१८६६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचे कापूस कमिशनर नेमले गेले. ज्वारीला कमिशनर नव्हता, हेही लक्षात ठेवावे. १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले. लायल हे पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर. पण लेखणीचे जाणते, पुढे कवी आणि निबंधकार म्हणून नावाजलेले. परक्या अधिकाऱ्याने कापसाचा रस्ता लिहिला. आपल्या कादंबरीकारांनी कापूस पिकवणाऱ्याचे काळीज लिहिले. दोन्ही एका पुस्तकात कोणी आणली नाहीत. त्यातल्या त्यात जवळ गेले ते कादंबरीकार नव्हते. महात्मा फुल्यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सावकारामागे कचेरी आणि कचेरीमागे सरकारचा खर्च अशी साखळी ओढून दाखवली आहे. पुढच्या पिढ्यांनी त्यातला संताप घेतला; साखळी मात्र तिथेच पडून राहिली.

बाजाराचीच गोष्ट पाहा. नियमाने बांधलेला देशातला पहिला बाजार कारंज्याला १८८६ मध्ये झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. वजने खरी असावीत, दलालीला धरबंध असावा, असे त्यात होते. आणि शेतकऱ्याला त्याचा फायदा झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. खोट्या मापाने नागवला जाणारा पहिला तोच. पण कायद्याचा ओढा स्वच्छ, बिनभेसळीची रुई गिरण्यांना रास्त भावाने मिळावी याकडे होता. बाजार समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती; कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा प्रतिनिधी नव्हता. तराजू नीट झाला, तरी तो धरणारा हात तोच राहिला.

आणि हा कायदा आला त्या वर्षी वऱ्हाडात काय चालले होते? १८९६-९७ चा दुष्काळ. पाठोपाठ १८९९-१९०० चा त्याहून भयंकर. कापसाने ज्वारीची पुष्कळ जमीन आधीच घेतली होती. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती २८,९७,४९१ होती, १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. भाव दूरदेशी ठरत होता, आणि तो उतरला की भाकरी इथल्या घरातली कमी होत होती. सोन्याची कुऱ्हाड ही अशी. पाते सोन्याचे खरे, पण दांडा आपल्या हाती नव्हता. आणि कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हणही आपलीच.

मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूरला जाणाऱ्या ‘शकुंतले’त ज्यांनी प्रवास केला, त्यांना ही गोष्ट निराळ्या तऱ्हेने ठाऊक आहे. ती छोटी गाडी किलिक-निक्सनच्या कंपनीने कापसासाठी घातली. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले तिचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत राहिले. देश स्वतंत्र झाला, साऱ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण या रुळांची मालकी करारामुळे कंपनीकडेच राहिली. राज्य गेले तरी कागद मागे राहतो. गाडीवर प्रेमाने लिहिणारे पुष्कळ. त्या कागदावर कथा लिहिणारा मला अजून भेटलेला नाही.

स्वराज्यात महाराष्ट्राने दांडा हाती घेण्याचा यत्न केला. १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, १९७२ पासून ती चालू झाली. पण सरहद्द एका राज्याची आणि बाजार जगाचा. भाव पलीकडे चढा झाला की बंड्या आणि ट्रका रात्रीतून सीमा ओलांडीत. त्याचे किस्से आपल्या भागात अजून चवीने सांगितले जातात, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

परवाचे उदाहरण मात्र सांगायला हवे. युक्रेनमध्ये लढाई चालू होती, भारत रशियाचे तेल घेत होता, म्हणून अमेरिकेने भारतीय मालावर जादा पंचवीस टक्के जकात बसवली; आधीची मिळून ती पन्नास झाली, २७ ऑगस्ट २०२५ पासून. अमेरिका हे आपल्या तयार कपड्यांचे मोठे गिऱ्हाईक. कापडधंद्याला दिलासा म्हणून १९ ऑगस्टलाच दिल्लीने परदेशी कापसावरची अकरा टक्के आयात जकात उठवली होती, प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. धंद्याची अडचण खरी होती, हे मी नाकारीत नाही. पण लढाई कोणाची, तेल कोणाचे, आणि जोखीम पुन्हा कोणाच्या खांद्यावर? १८४९ च्या करारातले ते कलम मला इथे ओळखीचे दिसते. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला होता. तो पदरात पडायचा तर कापूस महामंडळाच्या केंद्रापर्यंत जाऊन, नोंदणी करून, ओलावा मोजून घेऊन उभे राहायचे.

या सगळ्यात कादंबरी नाही असे ज्याला वाटते, त्याने तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात. पहिला हुकूम निघाला तेव्हा अकोट-दर्यापूरकडे पऱ्हाटीला पाते लागत होते. मुदत वाढली तेव्हा फुले धरली होती. आणि दिवाळीच्या सुमारास बाया शेतात सीतादही करून पहिल्या वेच्याला ओट्या बांधीत होत्या, तेव्हा परदेशी गाठी बिनजकात बंदरावर उतरत होत्या.