'असे' की 'असावी'? : घरच्या नियमांचं वचन पुरावा म्हणून वाचताना



मागच्या पोस्टनंतर दोघातिघांनी विचारलं होतं की धर्मग्रंथ संशोधनाचं साधन म्हणून वापरताना नेमकी चूक कुठे होते. दुसऱ्याची चूक सांगण्यापेक्षा माझीच सांगते.

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी बिनधास्त एक वाक्य लिहिलं होतं : 'पहिल्या शतकातील ख्रिस्ती घरात पत्नी पतीच्या अधीन असे.' खाली तळटीप, कलस्सैकरांस पत्र 3:18. मसुदा परत आला तेव्हा गाईडनी 'असे' या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला होता आणि समासात दोनच शब्द : 'की असावी?' त्या दोन शब्दांमुळे माझं प्रकरण चार महिने मागे गेलं. पण आज वाटतं, बरं झालं.

आधी मजकूर काय आहे ते बघू. कलस्सैकरांस पत्रात 3:18 ते 4:1 अशी नऊ वचनं आहेत. त्यात तीन जोड्यांना सूचना येतात : पत्नी आणि पती, मुलं आणि वडील, दास आणि धनी. इफिसकरांस पत्रात हीच यादी विस्ताराने येते. पेत्राच्या पहिल्या पत्रातही तिचं एक रूप आहे. अभ्यासात या प्रकाराला 'हाउसटाफेल' हा जर्मन शब्द वापरतात. तो मार्टिन ल्यूथरच्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीतून आला. टाफेल म्हणजे फलक. आपल्या भाषेत, घरात लावलेली नियमांची पाटी.

आता ही पाटी वाचायची कशी? इथे दोन पुस्तकं महत्त्वाची. डेव्हिड बाल्च यांनी 1981 मध्ये पेत्राच्या पत्रावर लिहिताना असं मांडलं की हे नियम बाहेरच्या समाजाकडे बघून लिहिलेत. 'हे नवे लोक घरं मोडतात' असा आरोप होत होता, त्याला हे उत्तर. एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेन्झा यांनी 1983 च्या 'इन मेमरी ऑफ हर' मध्ये वेगळा रस्ता घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आदेश देणारा मजकूर म्हणजे वस्तुस्थितीचं वर्णन नव्हे. उलट माणसं तशी वागत नसतात म्हणूनच आदेश द्यावा लागतो.

फिओरेन्झा वाचल्यावर मी इतकी भारावले की एकदम दुसऱ्या टोकाला गेले. नवं वाक्य लिहिलं : 'या स्त्रिया अधीन नव्हत्या, म्हणूनच हा नियम आला.' ते वाक्यही परत आलं. आणि माझी खरी टीका इथेच आहे, या युक्तिवादावर नाही, तो आपण ज्या घाईने वापरतो त्यावर.

एसटी स्टँडवरची पाटी घ्या : 'येथे थुंकू नये.' लोक थुंकतात म्हणून पाटी आहे, हे पटतं. पण तीच पाटी एकाच साच्यात हजारांनी छापून प्रत्येक स्टँडवर ठोकली असेल, तर याच भिंतीवर कोणी थुंकलं होतं हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. घरच्या नियमांचंही तसंच आहे. हा साचा ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. अॅरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात घराचे हेच तीन संबंध येतात : धनी-दास, पती-पत्नी, पिता-मुलं. म्हणजे कलस्सैच्या पत्राआधी साडेतीनशेहून अधिक वर्षं हा आराखडा तयार होता. मग नुसत्या साच्यावरून त्या घरात काय चाललं होतं, हे ना या बाजूने सांगता येतं, ना त्या बाजूने.

मग हाती काय लागतं? साचा जिथे बदलला आहे ती जागा. तीन ठिकाणं दाखवते.

एक, बोलणं कोणाशी आहे. अॅरिस्टॉटल घराच्या प्रमुखाच्या बाजूने बोलतो. बायको, मुलं, दास हे त्याच्या बोलण्याचे विषय. कलस्सैच्या पत्रात मात्र पत्नी, मुलं, दास यांना थेट हाक मारली आहे, तीही प्रत्येक जोडीत आधी. आज्ञा आज्ञाच आहे, पण ऐकणारा माणूस मंडळीत समोर बसलाय हे गृहीत आहे.

दोन, मोजमाप. नऊपैकी चार वचनं एकट्या दासांसाठी आहेत. पत्नीला एक, पतीला एक. याच पत्राच्या 4:9 मध्ये अनेसिमचं नाव येतं, आणि फिलेमोनाला लिहिलेलं पत्र याच नावाच्या एका दासाबद्दल आहे. पत्र पौलाचं स्वतःचं की नंतरच्या शिष्याचं यावर वाद आहे. पण लिहिणाऱ्याला दासांचा प्रश्न जास्त टोचत होता, एवढं मोजूनच दिसतं.

तीन, शेजारचा मजकूर. 4:15 मध्ये नुंफा हिला आणि तिच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितला आहे. नवऱ्याचा उल्लेख नाही. काही हस्तलिखितांत 'तिच्या' ऐवजी 'त्याच्या' किंवा 'त्यांच्या' असं आहे. पण व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितात 'तिच्या'च आहे. एकच वचन उचलून तळटीप देणाऱ्या मला ही बाई दिसलीच नव्हती. ती पुढच्याच अध्यायात होती.

पेत्राच्या पत्रातली जागा तर अजून बोलकी आहे. तिथे (3:1) विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांना अधीन राहायला सांगितलंय. त्याच काळच्या आसपास प्लुटार्क नवविवाहितांना सल्ला देतो की पत्नीने पतीचेच देव मानावेत. म्हणजे या बायकांनी नवऱ्यापेक्षा वेगळा देव धरून सगळ्यात मोठा नियम आधीच मोडला होता! 'अधीन' हा शब्द तिथे कोणाला उद्देशून आहे हे पाहिलं की त्याचं वजन बदलतं.

तरी एक उणीव राहतेच. हे सगळं सांगणाऱ्याचं आहे. ऐकणाऱ्याने काय ऐकलं? त्यासाठी वेगळं साधन लागतं. अमेरिकन धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी 1949 च्या 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' मध्ये गुलामीत जन्मलेल्या आपल्या आजीबद्दल लिहिलंय. नातू तिला बायबल वाचून दाखवायचा, पण पौलाची पत्रं ती वाचू देत नसे. अपवाद करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या प्रीतीच्या अध्यायाचा. का, तर मालकाचा गोरा उपदेशक दासांसाठीची वचनंच पुन्हा पुन्हा ऐकवायचा.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही आपलं सोवळंओवळं सांभाळत राहिल्या, आणि 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. पेत्राच्या पत्रातल्या घराचं हे उलटं चित्र. अर्थात आठवणींनाही त्यांच्या अडचणी असतात, पण घराच्या आतला आवाज नियमावलीत मिळत नाही, तो इथे मिळतो.

हे फक्त पद्धतीचं प्रकरण नाही. तीन जोड्यांपैकी दास-धन्याची जोडी आज कोणी आदर्श म्हणून सांगत नाही. पती-पत्नीची मात्र लग्नाच्या उपदेशात हमखास येते. एकाच यादीतलं एक काळाचं म्हणून सोडायचं आणि दुसरं कायमचं म्हणून धरायचं, तर त्याचं कारण द्यावं लागतं. श्रद्धावान वाचकाकडे असं कारण असू शकतं. पण आपण संशोधक म्हणून ते न मागताच 'असे' लिहून टाकलं, तर ती निवड आपण पुरावा म्हणून छापतो.

करून बघा : तुमच्या हॉस्टेलची नियमावली घ्या, तीन रकाने आखा. नियम काय, साच्यातला किती, आणि ऐकणाऱ्याचं साधन कुठलं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तुमच्या वाक्यात 'असे' लिहू नका. माझ्या प्रकरणात ते वाक्य आता असं आहे : 'पत्नीने अधीन असावे, असे पत्रलेखक सांगतो.' साधं आहे, पण टिकलंय.

तुमच्या विषयातलं असं एखादं 'असे' सापडलं तर कमेंटमध्ये नक्की लिहा.