फ्रेमबाहेरचे पाय

लातूरच्या ट्यूशन एरियात सकाळची पहिली बॅच सुटते तेव्हा शे-दीडशे बाइक एकदमच सुरू होतात. त्या वेळी कडेला उभं राहून फक्त पाय बघा. रबरी स्लिपर, अंगठ्याची चप्पल, मागचा पट्टा न लावलेली सँडल. बूट असले तरी लेस मोकळ्या. नांदेडला भाग्यनगरकडे गेलात तरी हेच.

मग त्याच पोरांची रील्स बघा. बाइक चकाचक, गॉगल, मागे एखादा डायलॉग. आणि फ्रेम गुडघ्यापाशी संपलेली. गेला महिनाभर मी अशी रील्स केवळ पायांसाठी बघतोय. शंभरातल्या पाच-सहांत पाय दिसले असतील, तेही चुकून.

ही सवय मला एका मित्रामुळे लागली. नांदेडहून लातूरला येताना लोह्याच्या अलीकडे त्याची गाडी वळणावर सांडलेल्या बारीक खडीवरून घसरली. वेग फार नव्हता. डोक्यावर हेल्मेट होतं, डोक्याला ओरखडाही नाही. पण गाडी डावीकडे आडवी झाली आणि डावा पाय इंजिनाखाली गेला. चप्पल पार पलीकडे उडालेली. घोट्यात प्लेट आणि स्क्रू बसले. आज त्याला उकिडवं बसता येत नाही. अपघाताआधीचं त्याचं रील मात्र अजून फिरतंय. त्यातही फ्रेम गुडघ्यापाशीच संपते.

पाय कापून टाकणारी ही नजर कुठून आली? माझं उत्तर आहे, ‘धूम’मधून. २००४ सालचा हा सिनेमा आता कुणी पूर्ण बघत नसेल, पण त्याने मराठीला एक शब्द दिला. मंगळसूत्र हिसकावल्याची बातमी उघडा, चोरटे ‘धूम स्टाईल’ने पसार झालेले असतात. रस्त्यावरच्या वेगासाठी आपल्या बातम्यांना सापडलेला हा सर्वांत लोकप्रिय शब्द. तो शर्यतीतून आला नाही, चोरीच्या सिनेमातून आला. त्यामुळे आपल्या भाषेतला वेगवान माणूस म्हणजे निसटणारा माणूस. जॉन अब्राहमचा कबीर हायाबुसावरून निसटत राहतो, आणि शेवटी पोलिसांच्या हाती लागण्यापेक्षा गाडीसकट स्वतःला झोकून देतो. मरणसुद्धा तिथे एक उडी होऊन येतं. हाड मोडत नाही, कुणी लंगडत नाही. निसटणाऱ्याला बुटांची काय गरज?

खरा रेसर मात्र निसटत नसतो. तो दर फेरीला त्याच वळणावर परत येतो. त्या वळणावर आपण पडू शकतो हे त्याला माहीत असतं, आणि तो त्याच हिशेबाने कपडे घालून आलेला असतो. त्याचा बूट वाचायला शिकलं, तर वेगाबद्दल ‘धूम’ने न सांगितलेली गोष्ट कळते.

सर्किटवरच्या रेसिंग बुटात घोट्याच्या दोन्ही बाजूंनी बिजागरासारखी कठीण पट्टी असते. पाय पुढे-मागे वाकतो, पण आडवा मुरगळत नाही. टाचेला कडक वाटी, नडगीवर ढाल. डाव्या बुटावर गिअरचा दांडा घासतो तिथे जाड थर. करंगळीच्या बाजूला स्लायडर नावाचा तुकडा, रस्त्याला घासून झिजण्यासाठीच लावलेला. झिजला की स्क्रू काढून नवा लावायचा. युरोपात या बुटांसाठी ईएन १३६३४ हे मानक आहे. घासलं गेल्यावर किती टिकतो, कापला जातो का, आडवा दाब आला तर किती चेपतो, अशा त्याच्या परीक्षा. म्हणजे माझ्या मित्राच्या घोट्याची जी परीक्षा झाली, तीच आधी बुटाची घेऊन ठेवायची. मोटोक्रॉसचा बूट आणखी राकट, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा, बकलांनी आवळलेला. तो घालून चालणारा रेसर नुकत्याच घोड्यावरून उतरलेल्या माणसासारखा फेंगडा दिसतो. हिरो असा चालत नाही. म्हणून तर सिनेमाला तो बूट नको असतो.

असे बूट करणारी अल्पाइनस्टार्स ही कंपनी सांते माझारोलो या माणसाने १९६३ मध्ये इटलीतल्या आसोलो गावात सुरू केली. डोंगर चढणाऱ्यांचे बूट शिवणारा तो मुलूख. शर्यतीच्या या तंत्राची मुळं अशी चांभारकामात आहेत. आपण मात्र ‘पायातली वहाण पायातच बरी’ असं म्हणत आलो. वहाणेला आणि ती शिवणाऱ्याला खालची जागा देणारी ही म्हण आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात जोडाघरात भाविकांचे जोडे सांभाळणं ही सेवा मानतात. तेवढी जागा सोडली, तर जोड्यांकडे आदराने बघणारी नजर आपल्याकडे फार नाही. कॅमेऱ्याने पाय कापले, त्याच्या कितीतरी आधी म्हणीने ते कापले होते.

रेसरसाठी पाय म्हणजे काय, हे मिक डूहनकडून कळतं. १९९२ मध्ये आसेनच्या सर्किटवर या ऑस्ट्रेलियन रेसरचा उजवा पाय मोडला. उपचारांत गुंतागुंत झाली आणि पाय कापायची वेळ आली. डॉ. क्लाउदिओ कोस्टा यांनी त्याला इटलीला नेलं आणि रक्तपुरवठा मिळावा म्हणून त्याचे दोन्ही पाय काही दिवस एकमेकांना शिवून ठेवले. पाय वाचला, पण घोटा पूर्वीसारखा वळेना. उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबायचा असतो. मग त्याच्यासाठी अंगठ्याने दाबायचा ब्रेक हँडलवर बसवला गेला. १९९४ ते १९९८ अशी सलग पाच जगज्जेतेपदं त्याने त्यानंतर जिंकली. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती घोट्याची वाटते. एक घोटा अडला म्हणून गाडीची रचना बदलावी लागली.

‘धूम’च्या शेजारी ठेवून बघावा असा माहितीपट म्हणजे रिचर्ड डी अॅरागेस यांचा ‘टीटी: क्लोजर टू द एज’ (२०११). आयल ऑफ मॅन बेटावर गावांतल्या साध्या रस्त्यांवरून, घरांच्या भिंतींना खेटून, सुमारे ६० किलोमीटरच्या फेऱ्या मारायच्या, अशी ही शर्यत. सिनेमात २०१० सालची स्पर्धा आहे. गाय मार्टिन हा ट्रक दुरुस्त करणारा बडबड्या रेसर आपल्याला हसवतो, एकही शर्यत जिंकत नाही, आणि शेवटच्या शर्यतीत त्याची गाडी आगीचा गोळा होते. तो वाचतो. न्यूझीलंडचा पॉल डॉब्स वाचत नाही. त्याची पत्नी ब्रिजेट कॅमेऱ्यासमोर बसून बोलते आणि शर्यतीला दोष देत नाही. सिनेमातली सर्वांत अवघड जागा ही, आणि दिग्दर्शक तिथून नजर वळवत नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. त्या आठवड्यात पाच शर्यती जिंकून इयन हचिन्सनने विक्रम केला, पण तो कमी बोलतो म्हणून सिनेमाने त्याला मागे ठेवलं. सिनेमाला रस झेपावण्यात होता, आणि तो प्रश्न विचारत राहतो, ही माणसं हे का करतात? ती हे कशी करतात, पायांत काय घालतात, गाडीवर बसण्याआधी काय तपासतात, याला जागा फार थोडी. ‘का’ विचारला की रेसर वेडा किंवा संत होतो. ‘कसं’ विचारलं असतं तर तो कारागीर दिसला असता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिल्व्हरस्टोनला हचिन्सन पडला आणि मागून येणाऱ्या गाडीने त्याच्या डाव्या पायाचा चुरा केला. सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. डाव्या पायाने गिअर टाकता येईना म्हणून गिअर उजवीकडे आणून तो पुन्हा रेसिंगमध्ये उतरला आणि २०१५ मध्ये टीटीत तीन शर्यती जिंकला. त्याच्याही पायात रेसिंगचे बूट होते, आणि त्यांनी हाड वाचवलं नाही. बूट अभय देत नाही. पडणं खरं आहे एवढंच तो कबूल करतो. रील तेही करत नाही.

मराठीत पायांपर्यंत पोचलेला सिनेमा आहे, ‘सैराट’. आर्चीची बुलेट सगळ्यांच्या स्टेटसला लागली. पण नागराज मंजुळेंनी सिनेमा संपवला तो लेकराच्या रक्ताने माखलेल्या पावलांवर. ती पावलं कुणी स्टेटसला ठेवली नाहीत. म्हणजे कापणारा कॅमेरा प्रत्येक वेळी दिग्दर्शकाचाच असतो असं नाही. कधी तो आपल्या हातातला असतो.

आता यावर रास्त आक्षेप येईल. मे महिन्यात नांदेडला बेचाळीस अंश असताना गुडघ्यापर्यंतचे बूट घालायचे? आणि कशातून? चांगल्या रेसिंग बुटांच्या किमतीत इथल्या पोराची कित्येक महिन्यांची मेस निघते. बरोबर आहे. २०२४च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची शर्यत झाली तेव्हा मातीवरून उडणाऱ्या त्या गाड्या आपल्याही फोनवर आल्या. त्या बघून लगेच कुणी तसे बूट घ्यावेत असं मला म्हणायचं नाही. पण त्या उड्यांची नक्कल होते आणि बुटांची होत नाही, यात पैसा हे एकच कारण नाही. घोटा झाकणारा, पायात घट्ट बसणारा साधा बूट परवडणारी पोरंही चपलेत निघतात, कारण बूट त्यांच्या डोळ्यांसमोर कधी आलेलाच नाही. जे फ्रेममध्ये नाही, ते गरजेच्या यादीतही येत नाही.

मित्र पुन्हा गाडी चालवायला लागला तेव्हा आम्ही बुटांच्या दुकानात गेलो. बाइकवर घालायचे बूट मागितले तर दुकानदार गोंधळला. पावसाळी गमबूट दाखवले, पीटीचे बूट दाखवले. शेवटी माळ्यावरून कारखान्यात घालतात ते सेफ्टी शूज काढले, पुढे लोखंडी टोपी असलेले. रेसिंगचे नव्हेत, पण घोटा झाकणारे. मित्राने तेच घेतले. आता तो चौकात थांबला की ओळखीचं कुणीतरी विचारतंच, “का रे, कंपनीत लागलास का?”

“नाही,” तो म्हणतो, “गाडीवर आलोय.”