दुर्बीण, पदर आणि एक लाख ओव्या

पवनानगरला जुनी माणसं अजून काले कॉलनीच म्हणतात. माझी आजी त्यातलीच. धरणाची गोष्ट सांगताना ती भिंतीपासून सुरू करत नाही, मोजणीवाल्यांपासून करते. पँटीतली दोन माणसं शेताच्या मधोमध तीन पायांवर दुर्बीण लावून उभी होती. तिला वाटलं, फोटो काढतायत. म्हणून ती पदर नीट करून उभी राहिली.

‘कॉन्टॅक्ट’ (२००९) हा ऑस्ट्रेलियन माहितीपट बघताना मला तो पदर आठवला. १९६४ साली तिथल्या वाळवंटात युवाली ही सतरा वर्षांची मार्तू मुलगी बायकामुलांच्या टोळीत राहत होती. वुमेराहून सोडायचं ब्लू स्ट्रीक रॉकेट त्या भागात पडण्याची शक्यता होती, म्हणून सरकारी माणसं त्यांना हलवायला आली. या लोकांनी गोरा माणूस कधी पाहिला नव्हता. ट्रक त्यांना चालता खडक वाटला. सरकारी माणसांनी तेव्हा चित्रण केलं होतं. साठी ओलांडलेली युवाली तेच बघत बोलते. सिनेमाची सगळी ताकद इथे आहे: चित्र त्यांचं, गोष्ट तिची, आणि दोन्ही एकाच वेळी आपल्यासमोर.

आपल्याकडे असं काय आहे? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या. मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांपासून सुरुवात करत लाखाच्या वर. नंतर त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येत गेल्या, गाणारीचं नाव, गाव आणि आवाजासकट. रात्री हेडफोन लावून एकदा ऐकाच.

तरी माझी एक तक्रार आहे. ओव्या विषयवार लावल्यात: सीता, आई, भाऊ. जात्यावर बसलेली बाई सीतेवरून भावावर आणि भावावरून पावसावर एका दमात जायची. त्या उडीतही तिचा इतिहास असतो, आणि नेमकी तीच तुटते. वर्गीकरण नसेल तर लाखभर ओव्यांत काहीच सापडणार नाही, हे मान्य. पण ‘या बाईची सगळी बैठक ऐका’ असं एक बटण मला हवंय. दोन ओव्यांमधलं बोलणं, थांबणं, हसणंसुद्धा. बाहेरची माणसं पहिल्यांदा गावात आली तेव्हाच्या आठवणी बहुतेक त्या मधल्या बोलण्यातच असतात. आजीचा पदर कुठल्या विषयात टाकणार?

आता दळण गिरणीत जातं. ओवी नाही, तर मधलं बोलणंही नाही. आजीचं सांगणं माझ्या फोनवर अकरा मिनिटांच्या फाइलमध्ये आहे. तिच्या पिढीतल्या बाकीच्या बायकांचं तेवढंही कुणी घेतलेलं नाही, आणि दर पावसाळ्यानंतर त्यातली एखादी कमी झालेली असते.

मागच्या महिन्यात सिनेमातली युक्ती मी घरी केली. उपग्रहाचा नकाशा उघडून फोन आजीच्या हातात दिला. तिने तो दोनदा उलटसुलट फिरवला, मग निळ्या पाण्यावर बोट ठेवलं.

“हितं उभी होते मी. फोटू काय त्यांनी धाडला न्हाई.”