गोलात कोण बसलंय?

मंडळी, खुर्च्या गोल मांडल्या की गटचिंतन होतं, असा एक समज आपल्या वैद्यकीय शिक्षणात पसरलाय. आज त्याबद्दल थोडं कडक बोलणार आहोत.

२०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला. त्यात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे २७ पाठ आहेत, आणि लॉगबुकात 'रिफ्लेक्शन' लिहायचं असतं. हेतू चांगलाच आहे. पण अशी पानं आम्ही पुष्कळ वाचलीत. 'रुग्णाशी सहानुभूतीने वागले पाहिजे हे मला समजले.' पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. मुलं खोटारडी नाहीत हो. ज्यांच्या सहीवर परीक्षेला बसणं अवलंबून, त्यांनाच 'मी घाबरलो आणि नातेवाइकांना टाळलं' हे कोण लिहून देईल?

जिल्ह्याबाहेरच्या एका महाविद्यालयात आम्ही एक सत्र पाहिलं. एक इंटर्न आपल्या समोर झालेला पहिला मृत्यू सांगू लागला. वरिष्ठांनी मध्येच विचारलं, "बीपी किती होतं?" त्याने आकडा सांगितला आणि गप्प झाला. मग बाकीचेही गप्प.

आता आपल्या जामखेडकडे बघा. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. आधी गावात नर्स ठेवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. वेगवेगळ्या जातींच्या, कित्येकींनी शाळा पाहिलेली नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या, शिकायच्या आणि परत त्याच गावात जायच्या. आमच्या मते सगळी गोम इथे आहे. आज सांगितलेल्या अडचणीला पुढच्या आठवड्यात पुन्हा तोंड द्यायचं होतं, त्यामुळे बोलणं कामाचं होत गेलं. आपला इंटर्न मात्र या वॉर्डातून त्या वॉर्डात फिरतो, आणि त्याचा गट दर वेळी मोडतो.

जामखेडचीही पूजा नको. तिथलं बसणं आपल्याला मुख्यतः आरोळे दांपत्याच्याच १९९४ च्या पुस्तकातून कळतं. डॉक्टरांसमोर त्या बायकांनी काय गिळलं असेल, ते त्या पुस्तकात कुठून येणार? १९५० च्या दशकात लंडनला मायकेल बालिंट डॉक्टरांचे गट घ्यायचे, तिथेही हा प्रश्न होताच. फक्त तिथे बसणारे स्वतःचे दवाखाने चालवणारे होते, त्यांना कुणाची सही नको होती.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच, की आठ-दहा जणांचा एकच गट वर्षभर टिकू द्या. त्यांच्या गुणांशी ज्याचा संबंध नाही असा माणूस चालवायला बसवा. समाजसेवा अधीक्षक किंवा अनुभवी सिस्टर का नको? सुरुवात 'मागच्या वेळच्या त्या पेशंटचं पुढे काय झालं' इथून करा. रुग्णाचं नाव काढू नका. तपासणीला पुरावा लागेलच, त्याला हजेरीचा कागद पुरे. आणि हे सत्र रात्रपाळी संपल्या संपल्या ठेवू नका, आधी त्या पोराला झोपू द्या.