‘टाकाऊ’ कोणाचे?

वनस्पतींपासून इंधन या विषयावरचे मराठी लेखन वाचताना मला पहिली ठेच लागते ती ‘टाकाऊ’ या शब्दाची. पेंढा, पाचट, बगॅस हे सारे टाकाऊ आणि प्रयोगशाळा त्याचे सोने करणार, अशी ती मांडणी. ती मुळशीतल्या नेरे परिसरात तपासून पाहावी. हिंजवडीच्या इमारती मागे पडल्या की भात आणि ऊस अजून दिसतो. जवळच कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो ओला बगॅस निघतो आणि साखर कारखान्यांत तो बॉयलरचे सरपण होतो. पेंढा गुरांपुढे जातो. पाचट रानातच कुजवले तर त्यातले पालाश जमिनीला परत मिळते. यातले टाकाऊ नेमके काय?

दुसरी अडचण रसायनाची. लाकूड, पेंढा, साखर यांच्यात ऑक्सिजन फार. ग्लुकोजच्या वजनात तो ५३ टक्के असतो. पेट्रोलमध्ये तो जवळजवळ नसतोच. म्हणजे वनस्पतीतून इंधन काढणे हा मुख्यतः ऑक्सिजन काढून टाकण्याचा उद्योग आहे, आणि तिथे धातूचे उत्प्रेरक लागतात. उत्प्रेरक स्वतः खर्ची न पडता क्रिया घडवून आणतो. घराघरांत पोचलेले त्याचे उदाहरण म्हणजे वनस्पती तूप: निकेलच्या पृष्ठभागावर तेलाला हायड्रोजन जोडला की ते घट्ट होते. या कामाचा पाया घालणाऱ्या पॉल साबातिए यांना १९१२ चे नोबेल मिळाले.

बगॅसमधल्या पाच-कार्बनी साखरांतून आम्ल वापरून फरफ्युराल मिळते. हा शोध नवा नाही. क्वेकर ओट्स कंपनी १९२२ पासून ओटच्या टरफलांतून ते बनवत होती. त्यावर तांबे किंवा पॅलॅडियमसारख्या धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की मिथिलफ्युरान तयार होते; ते पेट्रोलसारखे जळते. हिशेब सोपा आहे. ९६ किलो फरफ्युरालला ४ किलो हायड्रोजन लागतो; हाती येते जास्तीत जास्त ८२ किलो इंधन आणि १८ किलो पाणी. हे ४ किलो आले कुठून, हा प्रश्न आपल्या लेखनात क्वचितच विचारला जातो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ‘हिरवे’ हे विशेषण लावण्याआधी एवढी वजाबाकी तरी करावी.

तिसरा आक्षेप थेट संशोधनावर आहे. या क्षेत्रातले कितीतरी निबंध बाटलीतल्या शुद्ध फरफ्युरालवर उभे असतात. उतारा ९० टक्क्यांच्या वर, आलेख देखणे. पण शेतातून आलेल्या मालात गंधक, सिलिका, पालाश असते. गंधक धातूवर चिकटून त्याला निकामी करते. पालाश आम्लयुक्त उत्प्रेरकाची धार मारते. जे पालाश नेऱ्याच्या रानाला हवे, तेच भट्टीत विष ठरते.

म्हणूनच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले परेश ढेपे आणि साहू यांचे २०१२ चे काम मला मोलाचे वाटते. त्यांनी बगॅस, भाताचे तूस, गव्हाचा पेंढा थेट घेऊन घन आम्ल उत्प्रेरकांवर एकाच भांड्यात साखरा आणि फरफ्युराल मिळवले. त्याआधी, २००६ मध्ये, ढेपे जपानमध्ये फुकुओका यांच्याबरोबर सेल्युलोजचे साखर-अल्कोहोलमध्ये रूपांतर करत होते. तिथे प्लॅटिनम आणि रुथेनियम होते, आणि कच्चा माल शुद्ध. शुद्ध सेल्युलोजपासून बगॅसपर्यंतची ही सहा वर्षे, माझ्या मते, त्या दोन्ही निबंधांतल्या आकड्यांहून बोलकी आहेत. (अर्थात, आम्लाच्या पायरीनंतरची धातूची पायरी तिथे अजून यायची होती.)

मुळशीतच उरवड्याला प्राज इंडस्ट्रीजचे संशोधन केंद्र आहे, आणि १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात देशी जैवइंधनाचे मिश्रण होते. अल्कोहोलपासून विमानाचे इंधन करतानाही शेवटी हायड्रोजन आणि धातूच लागतो. बातम्यांत ‘देशी’ हा शब्द ठळक होता. तो हायड्रोजन कुठला, आणि उद्या बगॅस भट्टीऐवजी या कामाला गेला तर कारखान्याच्या बॉयलरात काय जळणार, याचे उत्तर मला अजून कुठल्याही मराठी लेखात सापडलेले नाही.